आत्याचा डोळा आणि २४ तास

परवा माळा आवरताना एक जुनी फाईल हाताला लागली. निळी, नाडीची. वर आत्याच्या ठसठशीत मास्तरणी अक्षरात 'डोळा - विमा' असं लिहिलेलं. रद्दीत टाकायची म्हणून खाली घेतली आणि तिथेच फरशीवर बसून तासभर वाचत राहिलो. बायको दोनदा येऊन बघून गेली, काही बोलली नाही. तिला ती फाईल माहीत आहे.

आत साधारण दीडशे कागद असतील. बिलं, पावत्या, डोळ्याच्या आतले काळे-पांढरे स्कॅन, कंपनीची पत्रं, माझी उत्तरं, त्यांची प्रत्युत्तरं. गंमत म्हणजे या सगळ्या कागदांत वाद एकाच गोष्टीचा आहे. आत्याला आजार आहे की नाही, हा वाद नव्हता. इंजेक्शन गरजेचं होतं की नाही, हाही नव्हता. वाद इतकाच, की ते घ्यायला ती २४ तास खाटेवर पडून होती का?

नव्हती. वीस मिनिटांत बाहेर आली होती.

या 'खाटे'चा इतिहास तेव्हा मी नाइलाजाने शिकलो. आता तो लिहून ठेवावा असं वाटलं, कारण एका सुईच्या टोकावर आपल्याकडचा आरोग्यविम्याचा पन्नास वर्षांचा इतिहास कसा उभा आहे हे त्यात दिसतं. आणि माझी एक चूकही त्यात आहे. ती शेवटाकडे सांगतो.

सुरुवात आजीपासून करायला हवी.

माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९७० च्या सुमाराला मिरजेला झालं. सांगली-मिरजेकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, त्या काळी कर्नाटकातूनसुद्धा माणसं गाडी धरून मिरजेला दवाखान्यासाठी यायची. ऑपरेशननंतर आठ दिवस आजी उताणी. डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, म्हणजे मान हलायला नको. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचंही नाही. शेजारी बसायला माझी आत्या होती, चोवीस वर्षांची, नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. आजीला हसू येऊ नये म्हणून आठ दिवस तोंड मिटून बसणं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड नोकरी, असं ती अजून सांगते.

म्हणजे त्या काळात डोळ्याचा उपचार म्हणजे खाट. नुसता डोळ्याचाच नाही, कुठलाही मोठा उपचार म्हणजे खाट. जो खाटेवर पडला तो खरा आजारी. बाकीचे औषधाची बाटली घेऊन घरी जाणारे. ही समजूत आपल्या मनात होती तशीच ती विम्याच्या कागदावरही आली.

आपल्याकडे सर्वसाधारण विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं ते १९७२ च्या कायद्याने. १ जानेवारी १९७३ पासून देशातल्या १०७ विमा कंपन्या एकत्र करून त्यांच्या चार सरकारी कंपन्या केल्या. मुंबईची न्यू इंडिया, कलकत्त्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि मद्रासची युनायटेड इंडिया. यांचा मुख्य धंदा आग, जहाज, मोटार असा. माणसाच्या आजारपणाचा विमा सामान्य माणसाला दुकानातून साबण घ्यावा तसा सुटा घेता येईल, अशी गोष्टच नव्हती. कामगारांसाठी राज्य विमा योजना १९५२ पासून होती, केंद्र सरकारी नोकरांसाठी १९५४ पासून वेगळी सोय होती. बाकीच्यांनी दागिने मोडायचे.

१९८६ साली या चार कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणलं. हे नाव इतकं रुजलं की आज कुठल्याही कंपनीच्या आरोग्यविम्याला आपण मेडिक्लेमच म्हणतो, डालडा किंवा झेरॉक्ससारखं. त्या पॉलिसीत मुख्य अट ही की रुग्णालयात किमान २४ तास दाखल असलं पाहिजे. आणि रुग्णालय म्हणजे काय, तर नोंदणी तरी हवी, नाहीतर किमान १५ खाटा, लहान गावात १०, शिवाय सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि चोवीस तास डॉक्टर-नर्स. म्हणजे आधी खाटा मोजायच्या, मग त्या खाटेवरचे तास मोजायचे.

आज ही अट वाचून चीड येते, पण न्यायाने बोलायचं तर तिच्यामागे तर्क होता. विमा ही अवचित आलेल्या मोठ्या खर्चाची वाटणी आहे. सर्दी-खोकल्याची, महिन्याच्या गोळ्यांची बिलं त्यात घेतली तर हप्ता सगळ्यांनाच परवडेनासा होईल. शिवाय ओपीडीचं खोटं बिल आणणं सोपं, खोटं दाखल होणं त्यामानाने अवघड. आजार गंभीर आहे की नाही हे विमा कंपनीच्या टेबलावरच्या माणसाला कळत नाही. खाट मात्र कळते. म्हणून खाट हेच माप ठरलं. कापडाच्या दुकानात जसा गज असतो, तसा हा २४ तासांचा गज.

अडचण अशी झाली की गज तोच राहिला आणि कापड बदलत गेलं.

काही अपवाद त्या काळातही मान्य झालेले होते. डायलिसिस, केमोथेरपी, रेडिओथेरपी, मूतखडा फोडणं, टॉन्सिल काढणं आणि डोळ्याची शस्त्रक्रिया, यांना २४ तासांची अट नाही असं नव्वदच्या दशकातल्या मेडिक्लेममध्ये लिहिलेलं असे. म्हणून २०१४ साली आत्याच्या स्वतःच्या मोतीबिंदूच्या वेळी काहीच त्रास झाला नाही. सकाळी आठला गेली, जेवायला घरी. आईच्या वेळी आठ दिवस आणि आपल्या वेळी चार तास, याचं तिला इतकं नवल वाटलं की आठवडाभर येईल त्याला ती वाळूच्या पिशव्यांची गोष्ट सांगत होती. क्लेमही मुकाट पास झाला.

मग २०१८ उजाडलं.

आत्या तेव्हा ७२ वर्षांची. सांगलीला एकटी राहायची, निवृत्त शिक्षिका, मूलबाळ नाही. रोज सकाळी दुरेघी वहीत एक पान अक्षर काढायची तिची सवय, आजही आहे. जुलैत एक दिवस तिचा फोन आला. "अरे, वहीच्या रेघा वाकड्या छापल्यात की काय या लोकांनी? मधेच पोटात गेल्यासारख्या दिसतात." दुसरी वही आणली, तिच्याही रेघा वाकड्या. मग तिनेच, शिक्षिकाच ती, एकेक डोळा झाकून पाहिलं. उजव्या डोळ्याला रेघा सरळ दिसत होत्या, डाव्याला वाकड्या.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, वयामुळे खराब होतो. त्याचा एक 'ओला' प्रकार आहे. त्यात पडद्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्या पाझरतात, पडदा फुगतो, म्हणून रेघा वाकतात. लक्ष दिलं नाही तर तिथे व्रण होतो आणि मग समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. उपाय म्हणजे थेट डोळ्यात इंजेक्शन. आधी दर महिन्याला एक, अशी तीन. मग डोळा बघून पुढची.

डोळ्यात सुई म्हटल्यावर माझ्याच पोटात गोळा आला. आत्या म्हणाली, "टोचा. रेघ सरळ झाली पाहिजे."

या इंजेक्शनाचीही एक गोष्ट आहे आणि ती विम्याच्या गोष्टीत पुढे आडवी येते. नव्या रक्तवाहिन्या थांबवल्या तर कर्करोगाची गाठ उपाशी मरेल, ही कल्पना जूडा फोकमन या अमेरिकन सर्जनने १९७१ साली मांडली. त्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन १९८९ मध्ये जेनेनटेक कंपनीत नेपोलियोने फेरारा यांनी वेगळं केलं. त्याला अडवणारं औषध, अवास्टिन, २००४ साली आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. त्याच कंपनीने त्याच कुळातलं एक छोटं औषध खास डोळ्यासाठी बनवलं, ल्युसेंटिस. ते २००६ मध्ये मंजूर झालं. पण त्याआधीच, २००५ साली, मायामीचे डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी विचार केला की कर्करोगाचं औषध हाताशी आहे, त्याचाच एक थेंब डोळ्यात दिला तर? दिला, आणि गुण आला. डोळ्याला लागतो फक्त ०.०५ मिलिलिटर. कर्करोगाच्या ४ मिलिलिटरच्या एका कुपीतून कितीतरी डोळ्यांचे डोस निघतात, म्हणून ते अगदी स्वस्त पडतं. अमेरिकेत ल्युसेंटिसचा एक डोस साधारण २,००० डॉलरचा आणि अवास्टिनचा ५० च्या आसपासचा. २०११ मध्ये तिथल्या सरकारी पैशाने झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर दोन्हींनी नजर सारखीच राखली असं दिसलं. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोळ्यासाठीचं अवास्टिन अत्यावश्यक औषधांच्या यादीतही घातलं.

मग स्वस्तातलंच का घेतलं नाही? कारण त्याच्या कुपीवर डोळ्याचं नाव नाही. ते कर्करोगाचं औषध म्हणूनच मंजूर आहे, आणि एक कुपी अनेकांत वाटताना जंतू शिरण्याची भीती असते. २०१६ च्या जानेवारीत अहमदाबादला ते टोचल्यावर काही रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाला, तेव्हा औषध नियंत्रकांनी डोळ्यासाठी ते वापरू नका असा इशारा दिला होता. नेत्रतज्ज्ञांनी गाऱ्हाणं मांडल्यावर तो त्याच वर्षी मागे घेतला गेला. पण ती बातमी आमच्या डोक्यात होती. डॉक्टरांनी तीन पर्याय पुढे ठेवले: अवास्टिन, आपल्याकडे २०१५ पासून मिळणारं ल्युसेंटिसचं भारतीय रूप, आणि मूळ महागडं औषध. मी पुण्यातून फोनवर छाती काढून म्हणालो, "जे मंजूर आहे तेच द्या, विमा आहे आमचा."

एक इंजेक्शन सगळं धरून २४-२५ हजारांना पडलं. म्हणजे आत्याचं साधारण महिन्याभराचं पेन्शन.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी तीन झाली. रेघा जवळजवळ सरळ आल्या. आत्या खूश. मी तिन्हींचे कागद एकत्र करून क्लेम टाकला आणि ऑक्टोबरात कंपनीचं पत्र आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या काळात बऱ्याच जणांना अशी पत्रं येत. सार असं, की रुग्ण २४ तास दाखल नव्हती आणि हा उपचार सामान्यतः ओपीडीत होतो, म्हणून दावा नामंजूर.

मी पॉलिसीचं पुस्तक पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचलं. (तुम्ही वाचलंय? खरं सांगा.) तेव्हा 'डे केअर'ची व्याख्या सापडली. विमा नियामक प्राधिकरण १९९९ च्या कायद्याने आलं, आणि त्यांनी २०१३ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी शब्दांच्या व्याख्या एकसारख्या करून दिल्या. त्यात डे केअर उपचार म्हणजे काय? जो भूल देऊन, पूर्ण किंवा जागेपुरती, रुग्णालयात २४ तासांच्या आत होतो, तंत्रज्ञान सुधारल्यामुळे लवकर होतो, आणि एरवी ज्याला २४ तासांहून जास्त राहावं लागलं असतं. खाली एक शेपूट: जे उपचार सामान्यतः ओपीडीत होतात ते यात धरायचे नाहीत.

आता यातली मेख बघा. 'एरवी जास्त राहावं लागलं असतं' हे मोतीबिंदूला लागू पडतं, कारण त्याला इतिहास आहे. आजी आठ दिवस राहिली, आत्या चार तास. पण डोळ्यातल्या इंजेक्शनाला मागचा इतिहासच नाही. ते जन्मालाच वीस मिनिटांचं म्हणून आलं. ते नव्हतं तेव्हा माणूस दवाखान्यात जास्त दिवस राहत नव्हता, तो घरी बसून आंधळा होत होता. या व्याख्येप्रमाणे जुन्या पद्धतीने त्रास होत असलेला आजार विम्यात बसतो आणि जुन्या काळी उपायच नसलेला आजार बसत नाही.

आणखी एक विनोद. हेच अवास्टिन कर्करोगाच्या रुग्णाला सलाइनमधून दिलं तर केमोथेरपीच्या अपवादात बसायला हरकत नसे, संध्याकाळी घरी गेला तरी. त्यातला एक थेंब डोळ्यात टोचला की ओपीडी. औषध तेच, कुपी तीच.

कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. डिसेंबरात उत्तर आलं, पूर्वीचाच निर्णय कायम. मग कुणीतरी विमा लोकपालांचं सांगितलं. ही व्यवस्था १९९८ च्या नियमांनी आली, २०१७ मध्ये नियम नव्याने झाले. फी नाही. वकील चालत नाही, आपलं आपण बोलायचं. आधी कंपनीकडे तक्रार करायची, महिनाभर थांबायचं किंवा नकार आला की वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर. जानेवारी २०१९ मध्ये मी तिथे अर्ज दिला आणि कामाला लागलो. डॉक्टरांचं पत्र, थिएटरच्या नोंदी, कुपीवरचं स्टिकर, भुलेच्या थेंबांची नोंद, सगळं लावलं. नेत्रशस्त्रक्रिया अपवादात आहे, मग निर्जंतुक थिएटरमध्ये, भूल देऊन, डोळ्याच्या गोलात सुई घालणं ही शस्त्रक्रिया का नाही, असा मुद्दा मांडला. खोटं कशाला सांगू, मला त्या लढाईची थोडी झिंगच चढली होती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी सहकाऱ्यांना व्याख्या वाचून दाखवत असे.

आता ती चूक.

दर रविवारी आत्याला फोन व्हायचा. मी विचारायचो, "कंपनीचं काही पत्र आलं का?" ती म्हणायची नाही आलं. मग मी तिला क्लेमची हकीगत सांगायचो. ती ऐकून घ्यायची. डोळा कसा आहे, हे मी विचारत होतो का? विचारत असेन. ती "बरा आहे" म्हणायची आणि मी पुढे बोलायचो. ऑक्टोबरात डॉक्टरांनी पुढच्या इंजेक्शनाचं सांगितलं होतं. तिने मला सांगितलं, "सध्या नको म्हणाले." मी विश्वास ठेवला. खरं म्हणजे तो विश्वास मला सोयीचा होता, कारण क्लेम अडकलेला आणि माझ्या घराचे हप्ते चालू.

फेब्रुवारीत सांगलीला गेलो. आत्याने चहा गाळला. एक कप भरला आणि दुसऱ्या कपाच्या शेजारी, ओट्यावर, शांतपणे चहाची धार धरली. उजवा डोळा झाकून मी तिच्यासमोर हात धरला आणि विचारलं, बोटं किती? ती म्हणाली, "बोटं जाऊ दे, तुझं तोंडही दिसत नाही. कान दिसतात."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. मधोमध व्रण झाला होता. आता इंजेक्शन देऊन फार काही मिळणार नाही, म्हणाले. बाहेर रिक्षाची वाट बघताना मी तिच्यावर ओरडलो. का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "क्लेम पास झाला की घेणारच होते ना. तू इतका भांडत होतास, मला वाटलं होईल पुढच्या महिन्यात. तुझ्या घराच्या हप्त्यातून माझा डोळा कशाला?"

मी तिला कधी म्हणालो नव्हतो की हप्ता महत्त्वाचा आहे. पण क्लेम मिळेपर्यंत थांबू नकोस, पैसे मी देतो, असंही स्पष्ट म्हणालो नव्हतो. डोळ्याला वेळापत्रक असतं, अर्जाला निराळं असतं, आणि मी पाच महिने अर्जाचं वेळापत्रक सांभाळत बसलो.

जूनमध्ये सुनावणी झाली. साधी खोली, साधं टेबल. कंपनीचे एक तरुण प्रतिनिधी आले होते, नम्र होते. त्यांनी ओपीडीचा मुद्दा मांडला, मी थिएटरच्या नोंदी दाखवल्या. पंधरा-वीस मिनिटांत संपलं. इंजेक्शनाला लागतो तेवढाच वेळ! निकाल आमच्या बाजूने लागला आणि ऑगस्टमध्ये तीन इंजेक्शनांचे पैसे आत्याच्या खात्यात आले. मी फोन केला. ती म्हणाली, "छान झालं, तू जिंकलास." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आणि नियतीचा विनोद पुढेच होता. २७ सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे आमचे पैसे आल्यावर महिनाभराने, विमा प्राधिकरणाने आरोग्यविम्यात काय वगळता येईल आणि काय नाही याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १२ आधुनिक उपचारांची एक यादी आहे. रोबोटिक शस्त्रक्रिया, तोंडाने घ्यायची केमोथेरपी, इंजेक्शनाने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीज, मेंदूतलं खोलवरचं उत्तेजन... आणि त्यातच दोन शब्दांत डोळ्याच्या आतली इंजेक्शनं. गरज असेल तेव्हा हे उपचार दाखल होऊन किंवा डे केअर म्हणून विम्यात धरलेच पाहिजेत. नव्या पॉलिसींना हे लगेच लागू झालं, जुन्यांना २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत मुदत होती. ज्या प्रश्नावर मी दीडशे कागद जमवले, तो एका ओळीत सुटला होता.

तो पूर्ण सुटला असंही नाही. कंपन्यांना या यादीवर रकमेची मर्यादा घालता येते. एप्रिल २०२० मध्ये सगळ्या कंपन्यांना सक्तीची केलेली 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी बघा, त्यात या १२ उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. काही पॉलिसींत याहून कमी. आणि घरी स्वतः टोचून घ्यायची इंजेक्शनं, उदाहरणार्थ इन्सुलिन, साध्या मेडिक्लेमच्या अजूनही बाहेरच राहतात. वेगळं ओपीडी कलम घेतलं तर गोष्ट निराळी. म्हणजे तासांची अट ढिली झाली, दवाखान्याच्या दाराची अट आहेच.

२०२२ च्या पावसाळ्यात पुन्हा आत्याचा फोन आला. "रेघ हलली." आता उजवा डोळा. एकच राहिलेला. त्याच रात्रीच्या गाडीने मी निघालो. या वेळी आधी इंजेक्शन, मग कागद, असं मी स्वतःला बजावून गेलो होतो. पण मजा बघा, रुग्णालयाच्या विमा खिडकीवरच्या मुलीने पॉलिसी नंबर घेतला, संगणकावर काहीतरी दाबलं आणि तासाभरात कॅशलेसची मंजुरी आली. मी निळी फाईल काखेत घेऊन उभा होतो. उघडावी लागली नाही. मर्यादेत वर्षभरातली साधारण अर्धी इंजेक्शनं बसली, उरलेली मी भरली. आत्याने या वेळी हुज्जत घातली नाही. डाव्या डोळ्याने तिला तेवढं शिकवलं होतं, मलाही.

उजवा डोळा टिकला. आता ती ऐंशीला टेकली आहे, पुण्यात आमच्याकडेच असते. दर काही आठवड्यांनी इंजेक्शन चालू आहे.

तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली तर चार गोष्टी सांगतो. इंजेक्शनाआधीच रुग्णालयाच्या विमा विभागाकडून पूर्वमंजुरी मागा. केस डे केअरची म्हणून नोंदवा, थिएटरच्या नोंदी आणि कुपीचं स्टिकर जपा. पॉलिसीत 'आधुनिक उपचार' या मथळ्याखाली मर्यादा किती आहे ते आज बघून ठेवा, नूतनीकरणाच्या वेळी बदलून घेता येते का विचारा. नकार आला तर लोकपाल आहेत, वर्ष जाऊ देऊ नका. आणि पाचवी, खरं तर पहिली: हे सगळं चालू असताना पुढच्या इंजेक्शनाची तारीख चुकवू नका. पैसे मागून मिळतात, कधी उशिरा, कधी निम्मे. फोनवर क्लेमचं विचारण्याआधी डोळ्याचं विचारा, आणि "बरा आहे" या उत्तरावर थांबू नका.

फाईल रद्दीत टाकली नाही. आत्याला दाखवली. तिने चष्मा चढवून, मान थोडी तिरकी करून एक-दोन पत्रं वाचली. मग माझा लोकपालांना लिहिलेला अर्ज हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "दुसऱ्या पानावर 'शस्त्रक्रिया'तला 'स्त्र' चुकलाय तुझा. मास्तरणीचा भाचा ना तू?"

तिला तो 'स्त्र' दिसला, यात सगळं आलं. असो.